अझैबाच्या कॅफेतलं पाटाचं पाणी

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला फार कष्टही पडले नाहीत. कोणी विषय काढला की थोडं हसायचं, मान जराशी खाली घालायची आणि "अहो, त्यात काय एवढं" म्हणायचं. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

मस्कतमध्ये अझैबाला एक कॅफे आहे. त्याचं नाव लिहीत नाही, पण पाणी वाहतं तो कॅफे म्हटलं की इथल्या माणसांना कळतं. दारातून आत गेलात की समोर भिंत येते. डावीकडे वळावं लागतं. वळल्यावर पायाशी वीतभर रुंदीचा एक पाट सुरू होतो आणि सगळ्या टेबलांच्या कडेकडेने फिरत अंगणातल्या झाडापर्यंत जातो. डोक्यावर खजुराच्या फांद्यांच्या मधल्या दांड्या बांधून केलेलं छत आहे, त्यातून उजेड पट्ट्यापट्ट्यांनी खाली पडतो. बाहेर अंगाची लाही होत असली तरी आत शिरलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो.

या कॅफेचं डिझाइन मी केलं असं मस्कतमधली आपली सगळी माणसं समजतात. ते मी केलेलं नाही. माझ्या बायकोने केलं.

लिहिलं एकदाचं.

आज लिहायला बसलो त्याला कारण माझी सून. परवा नाश्त्याच्या वेळी ती मोबाइलवर काहीतरी वाचत होती आणि एकदम म्हणाली, "बाबा, तुमच्या कॅफेबद्दल आलंय! चिआंग माईच्या पाण्याच्या बागा पाहून तुम्हाला ही आयडिया सुचली म्हणून लिहिलंय. किती छान!" मुलगा टोस्टला बटर लावत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा टोस्टकडे पाहिलं. मी चहा घेत राहिलो. थायलंडच्या बागांची ती थाप मी एका भाषणात मारली होती. आता ती माझ्याशिवाय, स्वतःच्या पायांवर, गावभर फिरते आहे. मी गेल्यावर ती खोडून काढायला कोणी उरणार नाही.

आम्ही मस्कतला आलो तेव्हा दार्सैतला राहायचो. दोन खोल्या, खिडकीतून समोरच्यांची वाळत घातलेली चादर दिसायची आणि सकाळी कृष्णमंदिरातली घंटा ऐकू यायची. मी एका कंत्राटदार कंपनीत इंटिरियरचं काम बघायचो. इंटिरियर म्हटलं की लोकांना काहीतरी भारी वाटतं. माझं काम म्हणजे ऑफिसांची पार्टिशनं, काउंटर आणि फॉल्स सीलिंग. ऑफिस अल् खुवैरला होतं, आणि तिथल्या निम्म्या ऑफिसांच्या डोक्यावरचे पांढरे चौकोन मी मोजून दिलेले आहेत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, पण सांगण्यासारखंही काही नव्हतं.

बायको पुण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. मूळची कोकणातली, गुहागरच्या बाजूची. माझ्यामागे मस्कतला आली ती नोकरी सोडून. फॅमिली व्हिसावर आलेल्या बाईला इथे नोकरी करता येत नाही. पहिली काही वर्षं ती म्हणायची, "माझ्या कार्डावर मी म्हणजे फक्त तुमची बायको." मग म्हणायची बंद झाली. आता मी निवृत्त होऊन मुलाच्या व्हिसावर राहतो. बँकेतल्या मुलीने मला विचारलं, "अंकल, आप क्या करते हैं?" तेव्हा मला ते वाक्य आठवलं. बायकोकडून ऐकताना मी ते गमतीने घेतलं होतं.

घरात तिचे हात स्वस्थ नसत. दर दोन-तीन महिन्यांनी दिवाण इकडचा तिकडे. एकदा मी ऑफिसातून आलो आणि अंधारात सवयीने बसायला गेलो तो जमिनीवरच बसलो, कारण खुर्ची खिडकीपाशी गेली होती. ती आतून म्हणाली, "दिवा लावा आधी. मग बसा." पण तिची खरी हौस म्हणजे गणपतीचं मखर. मी ऑफिसातून फोमबोर्डचे उरलेले तुकडे आणायचो, एसीच्या खोक्यातलं थर्माकोल आणायचो, आणि ती सांगेल तसं कापून द्यायचो. एका वर्षी तिने नुसत्या खजुराच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यांतून इथला निझव्याचा किल्ला केला होता. बुरुजावर आमचा गणपती! लोक बघायला मस्कतमधल्या रुवीहून, घाल्यातून येत.

आणि येणारा प्रत्येक जण मला म्हणायचा, "वा! शेवटी इंटिरियरवाल्याचं घर आहे!"

सुरुवातीला मी म्हणायचो, "छे छे, हिचं काम आहे." लोक हसायचे. नवरा बायकोचं कौतुक करतोय, चांगला माणूस आहे, असं ते हसणं असायचं. खरं कोणालाच वाटायचं नाही. कारण ते कापलेलं माझ्या कटरने असे, बोर्ड माझ्या ऑफिसचे असत, आणि ती त्या वेळी आत मोदकांच्या भांड्यापाशी उभी असे. पुढे पुढे मी म्हणणं सोडून दिलं. एका वर्षी कोणीतरी फारच तोंड भरून बोलला तेव्हा मी "असंच, सुचतं आपलं" असंही म्हटलं. ती मोदकांचं ताट घेऊन बाहेर येत होती. "हो, ह्यांना झोपेत सुचतं," ती म्हणाली, "म्हणून तर एवढं घोरतात." सगळे हसले, मीही हसलो. तिथे सुरुवात झाली असं आता मला वाटतं.

मुलगा शिकायला भारतात गेला, घर रिकामं झालं, आणि त्या सुमारास अझैबाच्या कॅफेचं काम आमच्या कंपनीकडे आलं. मालक ओमानी, पन्नाशीचे, मोडकं पण बिनधास्त हिंदी बोलणारे. त्यांनी आमच्याकडून आधी दोन ऑफिसं करून घेतली होती, म्हणून माझ्याकडे काम आलं. ते म्हणाले, "अझैबा में सब कॅफे एक जैसा. मेरे को ऐसा मंगता, आदमी अंदर आए तो फोन जेब में रखे." मी "इन्शाल्ला" म्हणून घरी आलो आणि घाबरलो. फॉल्स सीलिंगवाल्याला असलं काही कुठून सुचणार?

तिने मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर शोधायला सुरुवात केली. आठवड्याभराने जेवताना म्हणाली, "थायलंडमध्ये चिआंग माई म्हणून गाव आहे. डोंगरात. तिथे गल्लोगल्ली कॅफे आहेत आणि एकासारखा दुसरा नाही. ईदच्या सुट्टीत जाऊ या."

ऑफिसात मी रजा सांगितली तेव्हा एक सहकारी म्हणाला, "थायलंडला? वहिनींना घेऊन? म्हणजे हॉटेलात जायचं ते डबा घेऊन!" मी घरी येऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, डबा तर मी नेणारच आहे." आणि खरंच दशम्या, मेतकूट आणि चहाची पूड घेऊन निघाली.

त्या सुट्टीइतके सुखाचे दिवस आमच्या संसारात थोडेच आले. आम्ही दोघांनी एकमेकांसाठी असा वेळ कधी काढलाच नव्हता. सकाळी हॉटेलातून निघायचं, लाल रंगाच्या, मागे दोन बाकं टाकलेल्या गाडीत बसायचं, आणि ती सांगेल तिथे उतरायचं. देवळं तिथे पावलापावलाला. मी म्हटलं, "अगं, निदान एखादं देऊळ तरी बघू." ती म्हणाली, "तुम्ही बघून या. माझा पण नमस्कार करा. मी समोर बसते." समोर म्हणजे समोरच्या कॅफेत.

पहिला कॅफे आठवतो तो सागवानी घराचा. खांबांवर उभं असलेलं जुनं घर, चपला खाली काढून जिन्याने वर जायचं. मधोमध फरशीतून एक आंब्याचं झाड वर आलेलं आणि छपरातून बाहेर गेलेलं. छप्पर त्या झाडापाशी कापून वाकडं केलेलं होतं. मी बीम कुठे आहे ते बघत होतो. ती म्हणाली, "झाडाला धक्का लागू नये म्हणून घराने अंग चोरलंय, बघितलंत?"

कॉफी आम्ही एकच मागवायचो, दोघांत. खरं तर दोघांनाही कॉफी फारशी आवडत नाही. ती वेटर मुलीकडे खुणेने गरम पाणी मागायची आणि पर्समधून चहाची पूड काढायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एका ठिकाणी त्या मुलीने गरम पाण्याचा कप बशीत ठेवून आणला आणि बशीत एक पांढरं चाफ्याचं फूल. हिने ते उचलून केसात घातलं. मुलगी लाजली आणि आत पळाली, मग आतून दुसरी एक डोकावली, मग तिसरी. दिवसभर ही त्या फुलासकट फिरली. पन्नाशी उलटलेली बाई, डोक्यावर तिथली गवताची टोपी, टोपीखाली ते फूल. मी फोटो काढायला गेलो तर म्हणाली, "माझा कशाला? तो कोपरा काढा."

भाताच्या जुन्या कोठारात एक कॅफे होता. लाकडी फळ्यांच्या फटींतून उजेड येत होता, बाकी अर्धा अंधार. भरपूर लोक होते, पण आवाज नव्हता. तिने विचारलं, "इथे सगळे हळू का बोलतायत?"

मी म्हटलं, "लाकूड आवाज शोषून घेतं."

"तुमचं आपलं लाकूड! बाहेर किती ऊन आहे. उन्हातून एकदम सावलीत आलं की माणूस आधी थांबतो. थांबला की आवाज खाली येतो." मग टेबलावर सांडलेल्या पाण्यात बोट बुडवून तिने लाकडावर एक रेघ काढली, दार इथे, वळण इथे, बसायची जागा इथे. "आल्या आल्या सगळं दाखवायचं नाही," म्हणाली. मी ते वाकून नीट बघेपर्यंत रेघा वाळल्या होत्या.

आणि एक विटांचं अंगण होतं, मध्ये कमळांची तळी. प्रत्येक टेबलाशेजारी एक छोटं चौकोनी तळं. मला तो सगळ्यांत आवडला. मी वेड्यासारखे फोटो काढले. ती मात्र लवकर उठली. "सुंदर आहे," ती म्हणाली, "पण प्रत्येक जण आपलं आपलं तळं बघत बसलाय. शेजाऱ्याचं काही नाही." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी याच कमळांच्या तळ्यांना सगळं श्रेय दिलं.

मस्कतला परतल्यावर मी झपाटल्यासारखा ड्रॉइंगं करायला बसलो. सागवान, टांगलेल्या कुंड्या, नेचे, चौकोनी तळी. तिला दाखवली नाहीत. मालकांना नेऊन दाखवली. त्यांनी शांतपणे सगळी पाहिली आणि म्हणाले, "ये तो हम उधर जाके देखा है. फिर इधर क्यूँ देखेगा?"

घरी आलो तो तोंड पाडून. ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, "खलास. काम जाणार हातातून."

"मग त्यांचं चुकलं काय?" ती म्हणाली. "तिथे झाडं आहेत म्हणून ते झाडांत बसतात. इथे काय आहे?"

"इथे काय, ऊन आहे आणि धूळ आहे."

"आणि पाट आहेत," ती म्हणाली.

मुलगा लहान असताना आम्ही निझव्याच्या वाटेवरच्या एका गावात सहलीला गेलो होतो. तिथे डोंगरातून खजुराच्या बागांपर्यंत उघड्या पाटाने पाणी आणलेलं आहे. ओमानी लोक त्याला फलज म्हणतात. ती पाहताक्षणी म्हणाली होती, "अय्या, आमच्या आगरातला पाट!" गुहागरला तिच्या माहेरच्या बागेत असाच पाट होता. मुलाने पायातली स्लिपर त्या पाण्यात सोडली आणि ती वाहत निघाली. मुलगा काठाने धावतोय, त्याच्यामागे ही साडी खोचून धावतेय, खाली पाय सोडून बसलेली तिथली पोरं ओरडतायत. पार खाली बागेपाशी एक ओमानी आजोबा बसले होते, त्यांनी काठी आडवी घालून स्लिपर अडवली आणि उलटी करून पाणी झटकून मुलाच्या हातात दिली. मग खजूर दिले, कहवा दिला. ना त्यांना आमची भाषा येत होती, ना आम्हाला त्यांची. तासभर बसलो.

हे सगळं मी विसरलो होतो. तिने भाजी निवडता निवडता सांगितलं. "एकाच पाटाच्या काठाने सगळे बसतात ना, मग वाहून आलेलं सगळ्यांना दिसतं. कोणीतरी अडवतं. तसं करा. एकच पाणी, सगळ्या टेबलांपाशी जाणारं."

दुसऱ्या दिवसापासून तिने ते करायला घेतलं, जसं मखर करायची तसंच. खजुराच्या खोक्यांचा पुठ्ठा, छताला खराट्याच्या काड्या, पाटाला स्वयंपाकघरातली फॉइल, अंगणातल्या झाडाला तुळशीची वाळलेली काडी. मी कापून द्यायला बसलो. "तिरकं कापलंत," "परत कापा," "अहो, दार एवढं मोठं? हत्ती येणारेत का?" असं चाललं होतं. त्या दिवसांत जेवणाच्या टेबलावर जागाच नसायची, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. पूर्ण झाल्यावर तिने एका बाजूने टॉर्च लावला आणि काड्यांच्या सावल्या आत पडल्या. ती माझ्याकडे बघून हसली.

ते मॉडेल मी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, पट्टा लावून, मालकांकडे नेलं. त्यांनी टेबलाभोवती एक चक्कर मारली. मग अंगातला पायघोळ डिशडाशा सावरून गुडघ्यांवर बसले आणि दारातून आत डोकावले. बराच वेळ डोकावत राहिले. "फलज," स्वतःशीच म्हणाले. मग उठले, माझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, "इंता?"

म्हणजे, तू? तू केलंस?

मी मान डोलावली.

नुसती मान. एक शब्दही बोललो नाही. मला वाटलं, सगळं समजावून सांगत बसायला ही वेळ नाही. मला वाटलं, फॅमिली व्हिसावरच्या बाईने काम केलं म्हटलं तर कंपनीला अडचण होईल. मला आणखी पुष्कळ काय काय वाटलं, पण ते सगळं नंतर, जिना उतरताना वाटलं. मान डोलावताना काहीच वाटलं नव्हतं. फक्त बरं वाटलं होतं.

घरी ती दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

"आवडलं. खूप आवडलं."

"अय्या!" तिने हात जोडले. मग जरा थांबून विचारलं, "कोणी केलं म्हणून विचारलं का?"

"नाही," मी म्हटलं. "तसं काही विचारलं नाही."

ती म्हणाली, "बरं." आणि शिरा करायला आत गेली.

कॅफे उभा राहायला वर्ष लागलं. ते वर्ष मी मन लावून काम केलं, हेही खरं आहे. पाण्याचा उतार, पंप, फिल्टर, छताच्या दांड्यांच्या बांधणीला आतून लोखंडी पट्टी, हे माझं. तेवढं माझं म्हणायला मला संकोच नाही. उद्घाटनाला मालकांनी आम्हाला दोघांना बोलावलं. ती मोरपंखी पैठणी नेसली होती. दारातून आत आली, डावीकडे वळली, आणि पाटापाशी उभी राहिली. पाटात कोणीतरी गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या. त्या वाहत जाताना शेजारच्या टेबलावरचं एक लहान मूल वाकून धरत होतं, आणि त्याच्या पुढच्या टेबलावरची अनोळखी बाई हसत त्याच्यासाठी पाकळी अडवत होती. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं.

तेवढ्यात मालक आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून तिला म्हणाले, "मॅडम, आपका हजबंड आर्टिस्ट है. पहला दिन मैं पूछा, इंता? ये ऐसा सर हिलाया, बस. कुछ बोला नहीं. कितना सीधा आदमी!"

ती माझ्याकडे वळली. रागाने नाही. माझ्या शर्टाला काही लागलंय का ते बघावं तसं तिने बघितलं. मग मालकांना म्हणाली, "हाँ, ये सीधे ही हैं."

परतताना गाडीत मी सुरू केलं, "अगं, तुझा व्हिसा फॅमिलीचा, म्हणून त्या वेळी मी..."

"मी काही म्हटलं का?" ती म्हणाली. "सिग्नल पडलाय. थांबा."

तिथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण काही महिन्यांनी मराठी मंडळाने माझा सत्कार ठेवला. शाल, नारळ, आणि पडद्यावर फोटो दाखवून भाषण. माझा कुर्ता तिनेच इस्त्री करून दिला. पहिल्या रांगेत बसली. मी चिआंग माईचे फोटो दाखवले, सागवानी घर, भाताचं कोठार, आणि शेवटी ते कमळांच्या तळ्यांचं अंगण. समोर टाळ्या पडत होत्या, आणि टाळ्यांनी माणूस सैल होतो. मी म्हटलं, "या तळ्यांपाशी बसलो असताना मला एकदम ते वाहतं पाणी दिसलं." आणि वर विनोद केला. "आमच्या हिला विचाराल, तर हिला कॅपुचिनो म्हणजे अजून फेस आलेलं दूधच वाटतं!" सभागृह खो खो हसलं. ती पण हसली. शेजारच्या बाईने तिला कोपर मारलं तेव्हा तर जास्तच हसली.

परतताना दार्सैतचा चढ लागला. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पाण्याचं तेवढं चुकीचं सांगितलंत."

"काय?"

"ते तिथलं नव्हतं. ते पोराच्या स्लिपरचं होतं."

बास, एवढंच. नावाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. मी तिचं नाव घेतलं नाही हे तिने एक वेळ गिळलं असतं, असं मला वाटतं. पण ती सहल, तो धावणारा मुलगा, काठी आडवी घालणारे ते आजोबा, तिच्या माहेरचं आगर, हे सगळं मी तिच्याकडून घेऊन परक्या गावच्या एका शोभेच्या तळ्याला देऊन टाकलं होतं. तेही टाळ्यांसाठी.

त्या वर्षी गणपतीला तिने पुण्याहून घडीचं मखर मागवलं. उघडलं की तयार, सोनेरी खांब आणि लाल कापड. मी म्हटलं, "अगं, मी बोर्ड आणून ठेवलेत." ती म्हणाली, "असू देत. हे सोपं पडतं."

पाहुणे आले. एका जुन्या मित्राने बाहेरूनच आवाज दिला, "काय हो, इंटिरियरवाल्यांकडे रेडिमेड?"

ती मोदक वाढत होती. अगदी सहज म्हणाली, "हल्ली ह्यांना वेळ नसतो."

मित्र म्हणाला, "बरोबर आहे, मोठी माणसं झाली!" मी मोदक तोंडात घातला. त्यानंतर आमच्या घरी पुन्हा कधी पुठ्ठा कापला गेला नाही. दिवाणही एका जागी राहिला.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. निवृत्त झालो त्या आठवड्यात मी ठरवून तिला अझैबाला घेऊन गेलो. वाटेत मनात वाक्यं जुळवली. आत गेल्यावर पाटाशेजारचं टेबल मिळालं. मी "अगं, ऐक" असं म्हटलं, आणि तिने माझ्याकडे तोंड केलं. तेवढ्यात काउंटरवरचा तरुण मॅनेजर मला ओळखून धावत आला. "सर! आप ही ने बनाया ना? एक फोटो, प्लीज!" त्याने मोबाइल तिच्या हातात दिला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. माझ्या बायकोने मोबाइल वर धरला, एक डोळा बारीक केला, आणि म्हणाली, "जरा डावीकडे सरका. पाणी झाकलं जातंय."

मी सरकलो. फोटोत मी हसतोय. मॅनेजर गेल्यावर तिने विचारलं, "काय म्हणत होतात?" मी म्हटलं, "काही नाही. काय घेणार?" ती म्हणाली, "गरम पाणी," आणि पर्स उघडली.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. न्यूमोनियाचं निमित्त झालं. इथल्याच हॉस्पिटलमध्ये होती. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता, दुपारची वेळ होती, खोलीत आम्ही दोघंच. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली, मग थोडी मागे घेतली, मग उठून पडदा सारखा केला. ती डोळे मिटूनच म्हणाली, "काहीतरी बोलायचंय का तुम्हाला? मघापासून चुळबुळ चाललीय."

मी म्हटलं, "नाही गं. उशी वर करून देऊ का?"

"द्या," ती म्हणाली.

मी उशी वर करून दिली. वाक्य तयार होतं. तेव्हा न म्हटलेलं ते आजही पाठ आहे. अगं, मालकांनी विचारलं होतं, आणि मी हो म्हटलं. तू विचारलंस तेव्हाही खोटं बोललो. पाणी तुझं होतं, ते मी दुसऱ्याचं म्हणून सांगितलं. माझं चुकलं. मला माफ कर.